अनंताची उपासना आणि अनंताचे गणित

(राष्ट्रीय गणित दिनाच्या निमित्ताने एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा शब्दांकित पाठ)



गणित हा माझा विषय नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. मी कलाशाखेचा पदवीधर; पुढचे सारे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले. तरीही संयोजकांनी ‘अनंत’ हा विषय सुचविला तेव्हा मी नकार दिला नाही. या विषयाचे एक जुने ऋण माझ्या डोक्यावर आहे. ते आज निदान अंशतः फेडावे, असा विचार केला.

वीसएक वर्षांपूर्वी एका दैनिकाच्या पुरवणीत मी एक लेख लिहिला होता. ईशावास्योपनिषदाचा शांतिमंत्र आपणां सर्वांना मुखोद्गत आहे. पाश्चात्त्य गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकात अनंताचा जो सिद्धांत मांडला, तो या मंत्रात हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवला आहे, असे त्या लेखाचे प्रतिपादन होते. लेख पुष्कळांना आवडला, अभिनंदनाची पत्रे आली. त्यांत एक पोस्टकार्ड होते, एका निवृत्त गणित-शिक्षकांचे. अक्षर टपोरे, मजकूर अवघा दोन ओळींचा. लेख आवडला, असे पहिल्या ओळीत होते. ‘यात गणित कोठे आहे?’ असे दुसऱ्या ओळीत.

मजजवळ उत्तर नव्हते. कारण गणित मी पाहिलेच नव्हते; मी मंत्र पाहिला होता आणि एका इंग्रजी पुस्तकाचे मलपृष्ठ पाहिले होते. हे गृहस्थ आपल्या परंपरेची टवाळी करणारे असते, तर पोस्टकार्ड फाडून टाकणे सोपे होते. भारताचे नाव निघताच नाक मुरडणारा एक विद्वद्वर्ग आपल्याकडे आहे, त्याला उत्तरे देण्याची आपल्याला सवय आहे. पण हे शिक्षक नित्य संध्या करणारे, संस्कृत जाणणारे, आपल्यापैकीच एक होते. त्यांच्या प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नव्हते.

त्या पोस्टकार्डामुळे जे थोडेफार वाचन झाले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

शांतिमंत्र ब्रह्माविषयी बोलतो. ऋषींना अंकगणिताचा नियम सांगावयाचा नव्हता. त्यांचा विषय त्याहून फार वेगळा आणि फार मोठा होता. त्या मंत्राला कोणा जर्मन प्राध्यापकाच्या प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. ज्या संस्कृतीत पूर्णत्वाचे असे चिंतन रुजले, तिच्यात अनंताचे भय वाटले नाही, एवढे मात्र निश्चित म्हणता येईल. यजुर्वेदात दहाच्या घातांची नावे परार्धापर्यंत, म्हणजे एकावर बारा शून्ये इथपर्यंत, दिलेली आहेत. ग्रीकांची गोष्ट निराळी. ‘न संपणारी क्रिया’ ॲरिस्टॉटलला मान्य होती. पण ‘पूर्णपणे अस्तित्वात असलेले अनंत’ त्याने नाकारले, आणि ती मर्यादा युरोपने दीर्घकाळ पाळली.

आता गणिताकडे वळू. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याशी करावयाच्या क्रियांचे नियम दिले. शून्याने भागण्याशी मात्र तो अडला. छेदस्थानी शून्य असलेल्या राशीला त्याने नाव दिले आणि ती तशीच ठेवली. पाच शतकांनंतर आपल्या सह्याद्रीच्या परिसरातील भास्कराचार्यांनी तिला हात घातला. इ. स. १११४ चा त्यांचा जन्म. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातील ‘बीजगणित’ या भागात शून्याने भागलेल्या राशीला ते ‘खहर’ म्हणतात. ख म्हणजे आकाश, म्हणजेच शून्य. ते ज्याचा हर, म्हणजे छेद आहे, तो खहर. या राशीत कितीही मिळवा वा तीतून कितीही काढा, तिच्यात विकार होत नाही, असे सांगून ते दृष्टांत देतात तो अच्युताचा: सृष्टीच्या वेळी भूतगण त्याच्यातून बाहेर पडतात, प्रलयाच्या वेळी त्याच्यात शिरतात, तो मात्र आहे तसाच राहतो.

माझ्या लेखात जे नव्हते, ते येथे आहे. भास्कराचार्यांनी आधी राशी सांगितली, क्रिया सांगितली, नियम सांगितला आणि मग विष्णूचे स्मरण केले.

हा नियम सर्वस्वी निर्दोष आहे काय? नाही. ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच निम्मे मिळविले, आलेल्याची तिप्पट केली, शून्याने भागले, त्रेसष्ट आले. तर ती संख्या कोणती? भास्कराचार्यांचे उत्तर चौदा. शून्याने गुणणे आणि शून्याने भागणे या क्रिया एकमेकींना रद्द करतात, हे त्यात गृहीत धरले आहे. आजचा शिक्षक या रीतीला शून्य गुण देईल. कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तरी शून्यच येते, म्हणून उलट जाण्याची वाट बंद होते. शून्याने भागाकार आजच्या गणितात करीतच नाहीत. पण ही रीत ग्रहगणितात फार उपयोगी पडते, असे भास्कराचार्य तेथेच नमूद करतात. शून्याकडे सरकत जाणाऱ्या राशी त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. त्यासाठी लागणारी भाषा अजून घडावयाची होती. पुढे इ. स. १६०० च्या सुमारास कृष्ण दैवज्ञांनी, मूळच्या विदर्भातील आणि काशीस स्थायिक झालेल्या घराण्यातील या पंडितांनी, ‘बीजगणिता’वरील टीकेत ती भाषा पुष्कळ पुढे नेली. भाजक जसजसा लहान होत जातो तसतसा भागाकार वाढतो. भाजक लहानपणाच्या परमावधीस गेला की भागाकारही परमावधीस जातो. आणि ‘तो इतका आहे’ असे सांगता येऊ लागले, तर ती परमावधी नव्हेच. मला ही युक्ती समजली तेव्हा फार आनंद झाला. कारण यात श्रद्धेचा आधार मागितलेला नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणला आपल्यापैकी अनेकजण देवीच्या दर्शनाला गेले असतील. तेथील मंदिरातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. यादवसम्राट सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये त्या मठाला दान दिले. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे. दानाचा तपशील मात्र मराठीत, कारण तो गावाला कळावयाचा होता. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचे राजाचे येणे मठाला दिले आहे. आणि जितके घाणे चालतील, तितक्यांमागे एकेक पळी तेल. पाटणच्या तेल्याला खहर राशी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याच्या घाण्यातील पळीभर तेल रोज त्या अध्ययनाकडे जात होते. सिद्धांतशिरोमणीसाठी एका गावाने तेल दिले, ही गोष्ट आपण शिवारात, शाळेत, शाखेत का सांगत नाही, मला ठाऊक नाही.

आता तो मठ नाही. शंभर-सव्वाशे वर्षांत देवगिरीचे राज्य लयास गेले आणि राजाश्रयावर उभ्या असलेल्या संस्था कोसळल्या. परकीय आक्रमणाने ज्ञानपरंपरेची जी हानी केली, ती नाकारण्याचे कारण नाही. तथापि संपूर्ण कथा तेवढीच आहे काय, हे पाहण्यासाठी आपल्याला दक्षिणेस केरळात जावे लागेल.

संगमग्रामाचा माधव हा चौदाव्या शतकात जन्मलेला गणिती. संगमग्राम म्हणजे त्रिशूर जिल्ह्यातील इरिंजालकुडा, असे सामान्यतः मानले जाते. वर्तुळाचा परीघ काढण्याची त्याची रीत अशी: व्यासाची चौपट घ्या, तिचा तिसरा भाग वजा करा, पाचवा मिळवा, सातवा वजा करा, नववा मिळवा, आणि असेच चालत राहा. ही क्रिया कधीच संपत नाही, पण प्रत्येक पायरीला आपण परिघाभोवती अधिकाधिक आवळत येतो. युरोपात हीच मालिका ग्रेगरीने १६७१ मध्ये आणि लायबनिझने १६७३-७४ च्या सुमारास शोधली, म्हणजे माधवानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. आज जगभरचे गणिती तिला माधव-लायबनिझ मालिका म्हणू लागले आहेत. आपल्याकडील किती शिक्षक तसे म्हणतात, हा प्रश्न आपण घरी गेल्यावर मुलांना विचारावा.

परंतु माधवाचे खरे वैभव मालिकेपेक्षा तिच्या शेपटात आहे. ही मालिका फार मंदगती आहे. व्यास एक धरून दहा पदे घेतली, तर परीघ ३.०४१८ येतो, म्हणजे पहिल्याच दशांश स्थळी चूक. हजार पदे घेतली तरी तिसरे दशांश स्थळ हाती लागत नाही. माधवपरंपरेने विचारले: जेथे आपण थांबलो, तेथून पुढे जे अनंत उरले, त्याचा अंदाज आताच करता येईल काय? आणि त्यासाठी एक छोटासा संस्कार, म्हणजे दुरुस्ती, सांगितली. दहा पदांनंतर तो संस्कार केला की तेच उत्तर ३.१४१५९ होते. मी हा हिशेब स्वतः कागदावर केला. ज्यांच्याजवळ गणकयंत्र आहे त्यांनी अवश्य करून पाहावा. दहाव्या पदानंतर पदांच्या संख्येच्या वर्गाची चौपट करून तीत एक मिळवावा, म्हणजे चारशे एक, हा भाजक. पदांच्या संख्येची चौपट, म्हणजे चाळीस, त्याने भागावी. येणारे ०.०९९७ मिळवले की झाले. याहून सूक्ष्म संस्कारही त्या ग्रंथांत आहेत. माधवाच्या नावावर असलेले परिघाचे मान दहा दशांश स्थळांपर्यंत अचूक आहे.

याच परंपरेतील नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटीयावर भाष्य लिहिले. त्यात त्यांनी उपस्थित केलेला एक प्रश्न मला या सर्व वाचनातला सर्वांत मोलाचा वाटतो. पाव, पावाचा पाव, त्याचाही पाव, अशी बेरीज अखंड करीत गेलो, तर ती एकतृतीयांश होते. माता-भगिनींसाठी सोपे करून सांगतो. एक पुरणपोळी आहे आणि खाणारी भावंडे तीन. आईने पोळीचे चार तुकडे केले, तिघांना एकेक दिला, चौथा उरला. त्याचे पुन्हा चार केले, तिघांना एकेक दिला, पुन्हा एक उरला. असे चालूच राहिले. प्रत्येकाच्या ताटात पाव, मग सोळावा भाग, मग चौसष्टावा, असे पडत जाते. तिघांना सारखेच मिळते आहे आणि उरणारा तुकडा बारीक बारीक होत नाहीसा होण्याच्या वाटेवर आहे; तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकतृतीयांश, हे उघड दिसते. ‘उघड दिसते’ एवढ्यावर नीलकंठ थांबत नाहीत. ते विचारतात: ही बेरीज तेवढीच वाढते, त्यापुढे जात नाही, हे कशावरून? आणि तेथपर्यंत ती खरोखर पोहोचते, हे तरी कशावरून?

‘कशावरून?’ माझ्या पोस्टकार्डावरचा प्रश्न हाच होता, शब्द निराळे होते.

नीलकंठांनी उत्तरही दिले आहे. प्रत्येक पायरीला एकतृतीयांशाहून किती उणे पडते, हे ते दाखवितात आणि ती उणीव प्रत्येक वेळी चौपटीने घटते, हे सिद्ध करतात. पुढे इ. स. १५३० च्या सुमारास ज्येष्ठदेवांनी या सर्व सिद्धता ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात मांडल्या, त्याही संस्कृतात नव्हे तर मल्याळममध्ये.

हा प्रवाह तुटला नव्हता, हे लक्षात घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘सद्रत्नमाले’पर्यंत तो केरळात वाहत होता. म्हणजे पाटणचा मठ ओस पडला, तरी केरळचा दिवा जळत होता. पण त्याचा प्रकाश महाराष्ट्रात आला नाही. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर सुंदर टीका लिहिली. परिघासाठी त्यांनी वर्तुळातील बहुभुजाच्या बाजू बारापासून दुप्पट करीत तीनशे चौऱ्याऐंशीपर्यंत नेल्या. माधवाची मालिका त्यांच्यापर्यंत पोहोचल्याचे त्यात दिसत नाही. कोकणचा किनारा आणि केरळचा किनारा एकच. गलबते सतत जात-येत होती. मिरी आली, नारळ आला, पोथी आली नाही. याला कोणता आक्रमक जबाबदार धरावा? १८३४ मध्ये चार्ल्स व्हिश या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याचा या मालिकांवरील निबंध लंडनला छापून आला, तोही शंभर वर्षे दुर्लक्षित राहिला. १९४० च्या दशकात सी. टी. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषय पुन्हा हाती घेतला. के. व्ही. शर्मा यांनी आयुष्य वेचून या परंपरेच्या पोथ्या संपादित केल्या. ‘युक्तिभाषे’चा त्यांचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला.

आता ज्या जर्मन गणितज्ञाच्या नावाने मी लेख लिहिला होता, त्यांच्याकडे जाऊ. गेऑर्ग कँटर यांचा जन्म १८४५ चा. हाले येथील विद्यापीठात ते प्राध्यापक होते. त्यांचा विचार पंगतीवरून समजतो. पंगतीत पाने तितकी माणसे आहेत काय, हे पाहण्यासाठी मोजावे लागत नाही; प्रत्येक पानावर एक माणूस बसला, पान रिकामे नाही आणि माणूस उभा नाही, की संख्या सारखी. ही जोडी लावण्याची रीत कँटरने अनंताला लावली. एक, दोन, तीन या संख्यांना दोन, चार, सहा अशा जोड्या लावा. कोणीच उरत नाही. म्हणजे सम संख्या सर्व संख्यांइतक्याच. अशा तऱ्हेचा चमत्कार गॅलिलिओने १६३८ मध्ये वर्गसंख्यांबाबत दाखविला होता आणि तो तेथून मागे फिरला होता. कँटर पुढे गेले. शून्य आणि एक यांमधील सर्व दशांश अपूर्णांकांची यादी कोणी आणली, पहिला, दुसरा, तिसरा, अशी न संपणारी, तरी ती अपुरीच असते. कारण मी नवा अपूर्णांक लिहू शकतो: पहिल्या स्थळी यादीतील पहिल्याच्या पहिल्या अंकाहून वेगळा अंक, दुसऱ्या स्थळी दुसऱ्याच्या दुसऱ्या अंकाहून वेगळा. हा नवा अपूर्णांक यादीतील प्रत्येकाशी कोठेतरी विसंगत असतो, म्हणून यादीत असूच शकत नाही. पंगत अनंत असूनही माणूस उभा राहिला. तेव्हा अनंतातही लहान-मोठे आहेत. १८९१ मधील ही सिद्धता कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात समजते.

या विचारासाठी कँटरना फार सोसावे लागले. क्रोनेकरसारख्या बलाढ्य समकालीनांनी त्यांना विरोध केला. १८८४ पासून मानसिक आजाराचे झटके येत राहिले. १९१८ मध्ये हालेच्या मनोरुग्णालयातच त्यांचा अंत झाला. ते श्रद्धाळू होते. कॅथलिक धर्मपंडितांशी त्यांनी पत्रव्यवहार केला, आणि त्यात ईश्वराचे निरपेक्ष अनंत वेगळे, गणिती ज्याची मोजदाद करतो ते अनंत वेगळे, असा भेद त्यांनी आग्रहाने सांगितला. म्हणजे जो भेद माझ्या लेखाने पुसून टाकला, तो खुद्द कँटरनीच आखला होता! शांतिमंत्रावर मी अन्याय केला होता आणि कँटरवरही.

मग लहान-मोठ्या अनंतांचा विचार आपल्याकडे कोणी केलाच नाही काय? केला, पण तो मी शोधलाच नव्हता. जैन आगमांत संख्येचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद आहेत आणि अनंताचेही परीतानंत, युक्तानंत, अनंतानंत असे प्रकार आहेत. नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी षट्खंडागमावर ‘धवला’ टीका लिहिली. त्यात एका संख्येला तिच्याच घाताने वाढवीत नेण्याची क्रिया आहे. दोनापासून निघालो तर पहिल्या पायरीला चार, दुसरीला दोनशे छप्पन्न, आणि तिसरीला सहाशे सतरा अंकांची संख्या! याच ग्रंथात जीवांच्या प्रमाणाची तुलना काळाशी केली आहे: एका बाजूने काळाचा एकेक क्षण, दुसऱ्या बाजूने एकेक जीव, असे जोडीने काढीत जावे, सारा भूतकाळ संपला तरी जीव संपत नाहीत. ही पंगतीचीच रीत आहे. दशांशांच्या यादीची सिद्धता येथे नाही, ती कँटरचीच. पण अनंताला अनंताशेजारी बसवून कोण उरतो हे पाहण्याचे धैर्य येथे आहे.

आणि हा ग्रंथ कोठे होता? मूडबिद्रीच्या भांडारात, ताडपत्रांवर. शतकानुशतके यात्रेकरू त्या पोथ्यांचे दर्शन घेत. फुले वाहिली जात, आरती होई, वाचन होत नसे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या मनाला ही गोष्ट लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला करण्याचे काम सुरू झाले. त्यातून पुढे प्रा. हीरालाल जैन यांनी १९३९ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध केला, तो आपल्या अमरावतीहून. कँटरच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी! ते भांडार कोणी जाळले नव्हते. पोथ्या सुरक्षित होत्या, पूज्य होत्या आणि बंद होत्या.

माझा लेख हेही एक प्रकारचे पुष्पवाहनच होते.

काही वर्षांपूर्वी त्या शिक्षकांचा पत्ता पुन्हा मिळाला. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले: खहर, माधवाची मालिका, नीलकंठांचा प्रश्न, धवला, पाटणचे तेल, सारे. ‘आपल्या प्रश्नाला उत्तर देण्यास विलंब झाला, क्षमस्व,’ असेही लिहिले. आठवड्याने पोस्टकार्ड आले. अक्षर थोडे थरथरणारे, पण तेच. पत्र आवडले, असे पहिल्या ओळीत होते. दुसऱ्या ओळीत विचारले होते: माधवाचा संस्कार आपण करून पाहिला, हे उत्तम, तो तसाच का येतो, याची युक्तिभाषेतील उपपत्ती वाचली काय?

वाचली नव्हती. सध्या तीच वाचतो आहे. बी. ए. झालेल्या माणसाला एका पानामागे दोन दिवस लागतात.